दाजींची कोनशिला

आमच्या दाजींनी घर बांधायच्या आधी घराचं नाव ठेवलं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. नुसतं ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी ते काळ्या दगडात कोरून घेतलं. मग घर राहिलं बाजूला, आणि तो दगड पंधरा वर्षं एका भाड्याच्या खोलीतून दुसऱ्या भाड्याच्या खोलीत फिरत राहिला. टेंपो माझा, कंबर माझी आणि विश्वास दाजींचा, अशी आमची वाटणी होती.

दाजी म्हणजे शांतवन आवळे, माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. गंगावेशीत एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं ते ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पू काढायचा, पट्ट्या बांधायच्या, हे त्यांचं काम. अंगानं काटकुळे, बोलणं हळू, आणि हाताला कायम स्पिरिटचा वास. माझी बहीण सलोमी, म्हणजे आमची आक्का, अगदी उलट. भरल्या अंगाची, ठसक्याची, आणि आवाज असा की चर्चमध्ये तिनं गीत धरलं की पेटीवाल्याला आपली पेटी वाजतेय का नाही याची शंका यावी. पुढच्या बाकावरची माणसं मान वळवून बघायची, हे कोण गातंय म्हणून. दाजींनीही तशीच एकदा मान वळवली, आणि पुढच्या महिन्यात मागणी घातली.

पण लग्न करून आणलं ते एका भाड्याच्या खोलीत. दर बुधवारी चार घरची माणसं कुणाच्या तरी घरी जमायची, प्रार्थना करायची, दोन-चार गीतं म्हणायची, हा आमच्या लोकांचा जुना रिवाज. दाजींच्या खोलीत गीत सुरू झालं की पलीकडून घरमालक भिंतीवर थाप मारायचा. आक्काचा आवाज तेवढ्यापुरता खाली यायचा आणि दाजींचं तोंड उतरायचं. तेव्हापासून त्यांनी डोक्यात एकच घेतलेलं. आपलं घर पाहिजे, पुढची खोली ऐसपैस पाहिजे, आणि तिथं सलोमीनं गळा सोडून गायलं पाहिजे. गाडी नको, सोनं नको. देवाकडं त्यांचं मागणं एवढंच होतं, आणि ते रोज मागायचे.

ब्याण्णव साली त्यांनी रिंगरोडच्या पलीकडं दीड गुंठा जागा घेतली. तिकडं तेव्हा चारी बाजूंनी ऊस होता आणि कोल्ही फिरायची. आमच्यात घराचा पाया घालताना पाळकसाहेबांना बोलावून कोनशिलेची प्रार्थना करतात. घर पुरं झालं की आभाराची प्रार्थना वेगळी. तिला सगळी मंडळी येते, गीतं होतात आणि मग जेवण. दाजींनी दोन्ही प्रार्थना एकाच दिवशी उरकायचं ठरवलं. त्याचं कारण असं की आदल्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं होतं, देवाकडं जे मागता ते मिळालंच म्हणून आधी आभार माना. साहेब आपले उपदेशाच्या ओघात बोलून गेले असतील. ऐकणाऱ्यांत शांतवन आवळे बसलेत याचा त्यांना अंदाज नव्हता.

"शांतवनराव, पायाची प्रार्थना आत्ता करू. आभाराची घर झाल्यावर बघू की," पाळकसाहेब म्हणाले.

"साहेब, घर झाल्यावर इस्वास कशाला लागतोय? तवा घर डोळ्यानं दिसतंयच की," दाजी म्हणाले.

साहेबांनी दोन्ही प्रार्थना करायचं कबूल केलं. त्यांचाच उपदेश होता.

नदीकडच्या रस्त्याला एक पाथरवट बसायचा. पाटे-वरवंटे करायचा आणि आमच्या लोकांच्या कबरींवरची नावंही कोरायचा. दाजींनी त्याला कागदावर लिहून दिलं, 'एबेनेजर, इ. स. १९९२'. त्यानं ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि हळहळून विचारलं, "बाप्या व्हता का बाई?"

"घर हाय," दाजी म्हणाले.

"मग बरं," पाथरवट म्हणाला आणि छिन्नी उचलली.

एबेनेजर हे आमच्या लोकांत घराला हमखास ठेवायचं नाव. बायबलातल्या शमुवेल संदेष्ट्यानं एक दगड उभा करून त्याला ते दिलं होतं. इथपर्यंत देवानं साहाय्य केलं, असा त्याचा अर्थ. पुढं पुढं मला त्या 'इथपर्यंत'चा फार राग यायचा. इथपर्यंत म्हणजे कुठपर्यंत, हे दाजींना विचारावंसं वाटायचं.

त्या दिवशी मात्र थाट होता. उसाच्या मधोमध, नुसत्या आखलेल्या पायावर सगळी मंडळी सतरंज्या टाकून बसली. आक्कानं तीन दगडांची चूल मांडून मटण शिजवलं, आणि ती मांडली ती बरोबर जिथं स्वयंपाकघर येणार तिथंच. धुरानं डोळे पुसत ती दाजींना म्हणाली होती, "हितं खिडकी घ्या, आणि खिडकीखाली कडीपत्ता लावायचा. फोडणीला हात बाहीर काढला की गावला पायजे." मग गीत झालं. भिंत नव्हती, थाप मारायला कोणी नव्हतं, आणि आक्काचा आवाज उसाच्या पार पलीकडं गेला. वाफ्यात पाणी पाजणारा एक गडी फावडं टेकून ऐकत उभा राहिला. मी तेव्हा नवा टेंपो घेतला होता, जगाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मीही दोन ताटं मटण खाल्लं आणि देवाचे आभार मानले.

केरबा गवंड्यानं त्या उन्हाळ्यात जोतं उभं केलं. ते गुडघाभर वर आलं आणि तिथंच थांबलं.

त्यात कोणाची चूक काढावी असं काही नव्हतं. डॉक्टरांना अर्धांग झाला, त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला, दवाखाना बंद. दाजींच्या वडिलांनी अंथरूण धरलं ते दोन वर्षं. लेकीचं शिक्षण आलं, मग तिचं मिरजेला लग्न झालं. दाजी सायकलला पिशवी अडकवून घरोघर पट्ट्या बांधत हिंडू लागले. साखरेच्या आजाराची माणसं, न भरणारे पाय, म्हाताऱ्यांच्या पाठीला पडलेल्या जखमा. ज्याला घरचे नाक धरून बघतात त्याच्यापाशी दाजी तासभर बसायचे. त्यांना कधी ओकारी आली नाही, कंटाळा आला नाही. घराचंही त्यांचं तसंच होतं. मी टोचून बोललो की म्हणायचे, "मेव्हणं, जखम वरनं मिटली तर घात असतोय. आतनं भरत आली पायजे. वेळ लागतोय."

"दाजी, पेशंट मेला म्हंजे?" मी विचारायचो.

ते नुसते हसायचे. मंडळीतले लोक मात्र हसण्यावारी सोडत नव्हते. उपासना सुटली की चर्चच्या दारात ठरलेला प्रश्न असायचा, "शांतवनराव, मटण कवाच जिरलं. घर कवा?" दाजी म्हणायचे, "आभार मानून झाल्यात. ईल." हे ऐकून आक्का चप्पल शोधायच्या निमित्तानं खाली बघायची.

जोत्यावर दगड ठेवला तर चोरीला जाईल म्हणून तो घरीच असायचा. आणि घर म्हणजे तेव्हा नेमगोंडा अण्णांच्या घरामागच्या दोन खोल्या. नेमगोंडा अण्णा जैन, गुळाचे व्यापारी, बोलायला फटकळ. खोल्या दाखवतानाच त्यांनी सांगून टाकलं, "हे बगा पावणं, मटण, मासं, अंडं, काय बी चालणार न्हाई. आणि आमची आई संध्याकाळी सामायिकाला बसती. तवा गाणंबिणं हळू म्हणायचं. भांडण नको मागनं."

सामायिक म्हणजे त्यांची जपाची, शांत बसायची वेळ. म्हाताऱ्या बाईला शांतता पाहिजे, यात गैर काय? आक्कानं मान डोलावली. बुधवारची प्रार्थना सुरू राहिली, पण आवाज घशातच ठेवायचा. पेटीला थंडीताप आल्यासारखी दाजी तिच्यावर गोधडी पांघरायचे आणि गोधडीखाली हात घालून वाजवायचे. माणसं ओठ हलवायची. आक्कानं तर असं काही शिकून घेतलं की शेजारी बसलेल्या मलाही ती गातेय का पुटपुटतेय हे कळेना.

नेमगोंडा अण्णा वाईट माणूस नव्हता. नव्या गुळाची ढेप पहिल्यांदा आक्काच्या दारात यायची. त्यांच्या आईच्या पायाला साखरेनं जखम झाली, पाय काढावा लागेल असं ऐकलं तेव्हा दाजींनी सकाळ-संध्याकाळ पट्टी करून तो पाय वाचवला. म्हातारी दाजींना 'माझा धाकटा' म्हणायची. पुढं ती आपल्या दोन्ही पायांनिशी, समाधानानं गेली. ती गेल्यावर सामायिकाचं कारण उरलं नव्हतं. पण हळू म्हणा हे अण्णांनी परत घेतलं नाही, कारण ते त्यांच्या ध्यानातच नव्हतं. आणि आता मोठ्यानं म्हणू का, असं आम्ही विचारलं नाही. गोधडी पेटीवर तशीच राहिली.

अण्णांच्या मुलाचं, केतनचं, लग्न ठरलं, त्यांना खोल्या लागल्या, आणि तिथून पुढं आमची वरात सुरू झाली. शाहूपुरीत एक खोली, मग नदीच्या अंगाला एक, मग मार्केट यार्डाच्या मागं एक. दर वेळी टेंपोत आधी भांडी, मग गाद्या, मग पेटी, आणि शेवटी तो दगड. जिन्यावरून उतरवताना मी मध्येच थांबून कंबर धरली की आक्का म्हणायची, "नाव बघा सॅमसन, आणि एक दगड उचलंना." सॅमसन म्हणजे बायबलातला बलदंड शमशोन. मी म्हणायचो, "शमशोनाला देवानं ताकद दिलती. मला तुझ्या नवऱ्यानं दगड दिलाय."

घरात त्या दगडाचा उपयोग एकच झाला. उन्हाळ्यात आक्का तो पालथा घालून त्याच्यावर पापड लाटायची. दाजींनी एवढंच सांगितलं होतं, "नावावर नगं, पाठीवर लाट." ते स्वतः रविवारी उपासना झाली की सायकल घेऊन दुपारभर गायब व्हायचे. पेशंट आहे म्हणायचे. येताना पिशवीत कागदात गुंडाळलेला कडीपत्ता असायचा. पेशंटच्या अंगणातला, म्हणायचे. आक्का तो ताजा ताजा बघून खूश व्हायची. त्यावर आठवडा निघायचा.

आक्का जोत्याकडं कधी गेली नाही. काम थांबलं त्या वर्षीच तिनं सांगून टाकलं होतं, "भिंती उठल्याबिगर मी तितं पाय ठेवणार न्हाई." आमच्या आक्काचा शब्द म्हणजे शब्द. दाजीही तिला कधी चल म्हणाले नाहीत. दाखवायला होतं तरी काय?

दोन हजार पाचला पूर आला. नदीकाठच्या त्या खोलीत पाणी शिरायला लागलं तेव्हा आम्ही जेवढं हाताला लागलं तेवढं टेंपोत टाकलं. पेटी घेतली, गोधडी घेतली. दगड राहिला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. म्हटलं, सुटलो. पाणी उतरल्यावर गेलो तर कपाट आडवं झालेलं, गाद्यांचा चिखल झालेला, भांडी कुठल्या कुठं. आणि कोपऱ्यात एबेनेजर जिथल्या तिथं, वर बोटभर गाळ घेऊन बसलेला. दाजींनी तो पंच्यानं पुसला. त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते बघून मला त्यांना चार शब्द सुनवावेत असं वाटलं. पण दारात आक्का उभी होती. ती घरातलं काहीच बघत नव्हती. ती नुसतीच उभी होती.

मार्केट यार्डाच्या मागच्या खोलीत ती बोलली. तिथं नळ चार घरांत एक, संडास पलीकडच्या गल्लीत, आणि शेजारी कांद्याचं गोदाम. तिचे गुडघे गेले होते. दाजी जेवून हात धूत होते. मी बसलो होतो, तरी ती थांबली नाही.

"अवो, मी आता दमले. इका ती जागा. त्या पैशात एक खोली घ्या, कुटं बी घ्या, पर नळ घरात पायजे. मला गाणी म्हणायला खोली नगं. पाय पसरायला खोली पायजे."

दाजी ओल्या हातांनी तसेच उभे. "आभार मानल्यात, सलोमी. मानलेलं परत कसं घ्यायचं?"

"देवाला कळतंय का न्हाई, बाईमाणसाचं गुडघं दुखत्यात म्हणून?" आक्का म्हणाली. "त्याला इचारा एकदा."

दाजींनी विचारलं असावं. दोन दिवस ते पट्ट्या बांधायला गेले आणि आले. तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "मेव्हणं, घेणारं एकादं गिऱ्हाईक बगा." बस. एवढंच. त्या माणसाचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मी सांगणार नाही. इतकी वर्षं त्यांच्यावर चिडण्यात घालवली, पण ते हरलेले बघायची माझी तयारी नव्हती.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. ऊस जाऊन तिकडं बंगले झाले होते, आणि मोकळी जागा औषधालाही राहिली नव्हती. जागा दाखवायला निघालो तेव्हा आक्का साडी बदलून टेंपोपाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "इकायच्या आधी बगून तरी घेते." आम्ही तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसलो. गिऱ्हाईक परस्पर तिकडं येणार होतं.

दोन्ही बाजूला रंगवलेले बंगले आणि मध्ये आमचं जोतं. मी स्वतः पाच-सहा वर्षांत तिकडं फिरकलो नव्हतो. मला वाटलं होतं गवत माजलं असेल, लोकांनी कचरा टाकला असेल. जोतं झाडून लख्ख होतं. एक काडी नव्हती त्याच्यावर. चुन्यानं खोल्या आखलेल्या होत्या, आणि त्या रेघा पंधरा वर्षांपूर्वीच्या नव्हत्या, अलीकडंच ओढलेल्या होत्या. मागच्या अंगाला, जिथं खिडकी येणार होती तिथं कडीपत्त्याचं झाड. झाडच. माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, बुंधा मनगटाएवढा, आणि खालच्या फांद्या खुडून खुडून बोडक्या झालेल्या.

आक्का जोत्यावर चढली. गुडघा धरून चढली, कुणाचा हात घेतला नाही. चुन्याच्या रेघा बघत, त्या न ओलांडता, दार ठेवलं होतं तिथून आत गेली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मग तिनं हात लांब केला. फांदी हाताला लागली. तिनं एक डहाळी तोडली, चुरगाळून नाकाला लावली.

"दर रइवारचा कडीपत्ता ह्यो का?" तिनं विचारलं.

दाजी रस्त्याकडं बघत होते. "व्हय."

"मग पेशंट कोण व्हता?"

डहाळी तोडताना पडलेलं एक पान दाजींनी वाकून जोत्यावरून उचललं.

"मला का न्हाई सांगितलंसा?"

"काय सांगणार? भिंती कुटं व्हत्या," दाजी म्हणाले.

आक्का मटकन खाली बसली, बरोबर चुलीच्या जागेवर. मला वाटलं आता ही रडणार. गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं. ते पुढं येऊन म्हणालं, "मावशी, मोजणी करून घिऊया का?"

आक्कानं त्याच्याकडं असं बघितलं की ते दोन पावलं मागं सरकलं. "पावणं, तुमास्नी तरास झाला. च्या घ्या आणि जावा. ही जागा इकायची न्हाई."

"आक्का, तूच म्हणालीस की!" मी ओरडलोच. माझा जीव कंटाळला होता.

"म्हणाले व्हते. मला वाटलं आभार ह्यांनीच मानलेत." ती डहाळी तिनं पदरात बांधली. "पर मटण मीच शिजवलंतं, सॅमसन. हितंच."

तिथून पुढं जे बांधलं त्याला बंगल्यातली माणसं घर म्हणणार नाहीत. बंगल्यांच्या मध्ये अर्ध्या विटेच्या भिंती, वर पत्रा, जमिनीला शहाबादी. पण नळ आत, संडास आत, आणि पुढची खोली चुन्यात आखली होती तेवढीच ऐसपैस. मिरजेहून लेक-जावयानं हातभार लावला. केरबा गवंडी म्हातारा झाला होता, त्याला डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी दाराशेजारचा कोनाडा त्यानंच केला. मी शेवटचा एकदा तो दगड उचलला. केरबानं तो हातानं चाचपला आणि विचारलं, "साल बदलून घ्यायचं का वो? आता दोन हजार सात हाय."

"न्हाई. आभार त्या साली मानल्यात," दाजी म्हणाले.

केरबानं सिमेंट थापलं आणि दगड बसवला. पाठीला उडदाचं पीठ चिकटलेलं होतं, ते तसंच आत गेलं.

घरभरणीला या वेळी मटण केलं नाही. आक्कानं नेमगोंडा अण्णांना बोलावलं होतं, म्हणून सगळा स्वयंपाक त्यांना चालेल असा, आणि तोही दिवस मावळायच्या आत. मंडळीतली जुनी माणसं फारशी राहिली नव्हती. दारात उभं राहून दाजींना चिडवणारे बहुतेक जण कबरस्तानात गेले होते. पाळकसाहेबही नवे, तरुण. त्यांनी प्रार्थना केली. ब्याण्णव सालची हकिकत त्यांना ठाऊक नव्हती, आणि मुद्दाम कोणी सांगितली नाही. अण्णा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, धोतर, टोपी, हातात काठी. तेही थकले होते.

मग गीत सुरू झालं. दाजी पेटीवर बसले, आक्का शेजारी, आम्ही सगळे सतरंजीवर. दोन कडवी झाली असतील. अण्णांनी काठी आपटली.

"का वो आक्का, आवाज का एवढा बारीक? हितं कोण आजारी हाय का?"

सगळे थांबले. मी आजूबाजूला बघितलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आम्ही सगळे घशातल्या घशात गात होतो. आपल्या घरात, आपल्या पत्र्याखाली, ओठ हलवत होतो. आणि पेटीवर गोधडी होती. दाजींनी ती सवयीनं पांघरली होती आणि त्यांचे हात गोधडीखाली होते.

आक्का अण्णांकडं बघत राहिली. "तुमीच सांगितलंतं की अण्णा. हळू म्हणा म्हणून."

"म्या?" अण्णांनी डोळे बारीक केले. ते खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. "म्या कवा सांगितलं?"

त्यांना काहीच आठवत नव्हतं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. कुणाच्या तरी तोंडून एकदा निघालेलं एक वाक्य, आणि त्यात माझ्या बहिणीचं अर्धं आयुष्य गेलं, आणि ज्यानं म्हटलं त्याच्या ते गावीही नाही. त्याच्यावर रागवायचीही सोय नव्हती, इतका तो भला माणूस होता.

आक्का हसली. मग तिनं पेटीवरची गोधडी ओढून काढली, घडी घालून मांडीवर ठेवली आणि गीत धरलं. पहिला सूर फाटला. दुसराही फाटला. ज्या आवाजाला माणसं मान वळवून बघायची तो आवाज आता तिच्याजवळ नव्हता. वापरलाच नव्हता इतकी वर्षं, तो कुठून राहणार? तरी ती घोगऱ्या, तुटक आवाजात मोठ्यानं म्हणत राहिली. शेजारच्या बंगल्यातली बाई गॅलरीत येऊन वाकून बघू लागली. आक्काची नजर तिच्यावर गेली आणि ती कडव्याच्या मध्येच गप्प झाली.

दाजींनी भाता थांबवला नाही. खाली मान घालून ते सूर धरून बसले. गॅलरीतली बाई अजून उभी होती.

"म्हण," ते म्हणाले. "घर आपलं हाय."

आक्कानं घसा खाकरला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा धरलं.